न दिसलेला हिमबिबट्या

सन १९७३ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस नेपाळांतील पोखरा गांवाहून दोन अमेरिकन गृहस्थ कांहीं शेर्पा व हमाल बरोबर घेऊन पायीं निघाले. त्यांस जावयाचें होतें तें ठिकाण हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे, तिबेटच्या सरहद्दीलगतच्या डोल्पो प्रांतांत होतें. तेथें स्फटिक-पर्वत म्हणून एक पवित्र डोंगर असून त्याच्या पायथ्याशीं शे-गोंपा नांवाचा बौद्ध विहार आहे. दोघांपैकीं जॉर्ज शॅलर हा प्राणिशास्त्रज्ञ. पीटर मॅथिसन हा कादंबरीकार. शॅलरला भरल नांवाच्या डोंगरी जनावराचें माजाच्या काळांतील वर्तन पाहावयाचें होतें. मॅथिसनला काय पाहावयाचें होतें तें त्याचें त्यालाही नीट सांगतां आलें नसतें. मात्र वाटेंत हिमबिबट्या दिसेल ही आशा दोघांनाही होती. या एका प्रवासाचें वर्णन दोन पुस्तकांत आलें. मॅथिसनचें 'दि स्नो लेपर्ड' १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. शॅलरचें 'स्टोन्स ऑफ सायलेन्स' १९८० सालीं. पहिल्यास अमेरिकेंतील नॅशनल बुक अवॉर्ड हा मान १९७९ व १९८० अशा लागोपाठ दोन वर्षीं मिळाला आणि तें जगभर वाचलें गेलें. दुसरें बहुतांशीं प्राण्यांच्या व पर्वतांच्या अभ्यासकांपुरतें राहिलें. एकाच वाटेनें चाललेल्या दोन माणसांची दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचण्याची संधि रसिकाला क्वचितच मिळते. ती येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या दोन ग्रंथांसंबंधीं रूढ मत असें कीं, मॅथिसनचें पुस्तक हें वाङ्मय आणि शॅलरचें पुस्तक ही माहिती. आम्हीही विद्यार्थीदशेंत हेंच मत मोठ्या उत्साहानें बाळगिलें होतें. 'दि स्नो लेपर्ड' वाचून आम्ही त्या वेळीं इतके भारून गेलों होतों कीं, त्यांतील शून्यतेवरचीं व अनासक्तीवरचीं पानें पुनःपुन्हा वाचीत होतों आणि भरलाच्या शिंगांविषयींचीं पानें भराभर उलटीत होतों. पन्नाशी ओलांडल्यावर तेंच पुस्तक पुन्हा हातीं घेतलें, तेव्हां नेमका उलट अनुभव आला. शून्यतेचीं पानें आम्हीं उलटलीं, आणि शिंगांच्या पानांवर मन रेंगाळूं लागलें. हा केवळ वयाचा परिणाम असेल, तर त्याची चर्चा मासिकांत करण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्यांत निसर्गलेखनाच्या स्वरूपाचा एक प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो मराठी वाचकाला परका नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम मॅथिसनच्या पुस्तकाचा विचार करूं. तें रोजनिशीच्या स्वरूपांत लिहिलेलें असून त्याचे चार भाग आहेत : पश्चिमेकडची वाट, उत्तरेकडची वाट, स्फटिक-पर्वताच्या सान्निध्यांतील दिवस आणि परतीची वाट. लेखकाची पत्नी डेबोरा ही १९७२ च्या आरंभीं कर्करोगानें वारली होती. पतिपत्नी दोघेंही झेन बौद्धमताचे उपासक होतीं. आठ वर्षांच्या मुलाला घरीं ठेवून लेखक या दूरच्या मुलखांत आला आहे. लौकर परत येण्याचें त्यानें मुलाला दिलेलें वचन पुढें पाळलें जात नाहीं, आणि तें न पाळल्याची टोचणी सबंध पुस्तकभर त्याच्या पाठीस लागलेली आहे. म्हणजे ही यात्रा शोकाची आहे आणि अपराधभावनेचीही आहे. अशा मनःस्थितींतल्या माणसाला उंच डोंगर काय देऊं शकतात, हा या पुस्तकाचा खरा विषय होय. तो क्षुद्र आहे असें कोण म्हणेल?

त्यांतही एक गोष्ट लेखकाच्या विशेष श्रेयाची आहे. आपल्याकडील तीर्थयात्रांच्या वर्णनांत यात्रेकरू बहुधा निवळलेल्या मनानें घरीं परततो. चित्ताची जी शांति शिखरावर लाभली ती जणूं शिदोरीसारखी बरोबर येते. मॅथिसनला स्फटिक-पर्वताखालीं अपूर्व समाधान लाभलें हें खरें; पण परतीच्या वाटेला लागतांच तें हातांतून निसटतें. तो चिडतो, खिन्न होतो, बरोबरच्या माणसांवर डाफरतो, आणि हें सारें रोजनिशींत जसेंच्या तसें नोंदवितो. ज्ञानप्राप्तीची बढाई मारण्याची अशी आयती संधि आली असतां ती नाकारणारा लेखक प्रामाणिक असला पाहिजे. त्याच्या या प्रामाणिकपणाविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे, आणि पुढील आक्षेप त्या आदरास सोडून नाहींत.

पहिला आक्षेप त्याच्या तत्त्वचर्चेवर. वाट चालतां चालतां मॅथिसन बुद्धचरित्र सांगतो, तंत्रमार्ग सांगतो, कर्म व पुनर्जन्म सांगतो, आणि पाश्चात्य भौतिकशास्त्राशीं त्यांचा मेळही घालून दाखवितो. अमेरिकन वाचकाला १९७८ सालीं हें सारें नवें व धुंद करणारें वाटलें असेल. परंतु ज्या वाचकाच्या घरीं ज्ञानेश्वरीचें पारायण होतें, त्याला हीं पानें पाहुण्यानें यजमानालाच त्याच्या घराची माहिती द्यावी तशीं वाटतात. ती माहिती सर्वस्वीं चुकीची आहे असें नव्हे. पण ती ग्रंथांतून आलेली आहे, वाटेंतून आलेली नाहीं. आणि ज्या पानावर ती येते त्या पानावर डोंगर दिसेनासा होतो. हें इतक्या नियमानें घडतें कीं, त्यास योगायोग म्हणतां येत नाहीं.

उलट, जेथें मॅथिसन तत्त्वज्ञान विसरतो तेथें त्याची लेखणी कशी चालते तें पाहण्यासारखें आहे. नोव्हेंबरच्या आरंभीं मंडळी कांग-ला ही सतरा हजार फुटांहून उंच खिंड बर्फांतून ओलांडून शे येथें पोहोंचतात. विहाराला कुलूप आहे. गांवांतले लोक बहुतेक पलीकडच्या साल्डांग खेड्यास गेलेले आहेत. उतारावर भरलांचे कळप चरत आहेत. येथून पुढचे दिवस हे या पुस्तकाचें हृदय होय. नर मागच्या पायांवर उभे राहून शिंगें कशीं भिडवितात, लांडगे आले कीं कळप कड्याकडे कसा धांवतो, दाढीवाल्या गिधाडाची सावली उतारावरून कशी सरकते, वाटेवर हिमबिबट्यानें मागच्या पायांनीं माती कशी खरडून ठेवली आहे आणि त्याच्या विष्ठेंत काय सांपडतें — हें सारें तो अशा नेमकेपणानें लिहितो कीं, वाचकाच्या नाकाला त्या विरळ हवेचा गारठा झोंबावा. आतां प्रश्न असा कीं, ही दृष्टि त्यास कोठून आली? तिचा बराचसा भाग शेजारीं दुर्बीण लावून बसलेल्या माणसाकडून आला, असें आमचें मत आहे. विष्ठा कां पाहावयाची, खरवडण्याचा अर्थ काय, कळपांतील वयाची वर्गवारी कशी करावयाची, हें शॅलरचें शास्त्र होतें. मॅथिसनच्या पुस्तकांतील सर्वांत वाङ्मयीन पानें तीं आहेत, ज्यांवर शास्त्रज्ञाच्या दृष्टीचें ऋण सर्वांत अधिक आहे.

म्हणून आतां शॅलरकडे वळूं. या प्रवासापूर्वींच त्याचें नांव झालेलें होतें. आफ्रिकेंतील डोंगरी गोरिलांचा त्यानें केलेला अभ्यास १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. मध्यप्रदेशांतील कान्हाच्या जंगलांत राहून त्यानें वाघ व हरणें यांवर लिहिलेला ग्रंथ १९६७ सालचा आहे. हिमबिबट्याचेंही दर्शन त्यास पूर्वीं घडलें होतें : १९७० च्या डिसेंबरांत चित्रळच्या डोंगरांत त्यानें बकरें बांधून एक मादी व तिचें पिल्लूं कांहीं दिवस जवळून पाहिलें होतें. 'स्टोन्स ऑफ सायलेन्स' या पुस्तकांत चित्रळ, काराकोरम, नेपाळ अशा त्याच्या अनेक वर्षांच्या भटकंतीचा वृत्तान्त असून डोल्पोचा प्रवास हा त्याचा एक भाग आहे. त्याचें गद्य कोरडें आहे असें म्हणतात. आम्ही त्यास काटकसरी म्हणूं. जें पाहिलें तें लिहावयाचें, आणि जें पाहिलें नाहीं तें भावनेच्या भरांत पाहिल्यासारखें दाखवावयाचें नाहीं, हा त्याचा दंडक आहे.

भरलाचेंच उदाहरण घेऊं. इंग्रजींत या जनावरास 'निळी मेंढी' म्हणतात. पण तें मेंढी आहे कीं शेळी, हा वाद जुना होता. त्यास बोकडासारखी दाढी नाहीं, बोकडाचा तो उग्र वासही नाहीं. म्हणून मेंढी म्हणावें. तर शेपटी चपटी व खालून केंसविरहित, पुढच्या पायांवर काळे पट्टे आणि झुंजतांना मागच्या पायांवर उभें राहण्याची रीत. म्हणून शेळी म्हणावें. शॅलरनें कडाक्याच्या थंडींत दिवसचे दिवस उतारावर बसून त्यांचें वर्तन टिपलें आणि निष्कर्ष काढला कीं, भरल ही मुळांत शेळीच्या कुळांतील असून मेंढीचे कांहीं गुण तिनें धारण केलेले आहेत. पुढें जीवरसायनाच्या कसोट्यांनींही तिचें नातें शेळीकडेच अधिक जवळचें ठरविलें. कोणी म्हणेल, एवढ्यासाठीं हिमालय ओलांडावयाचा? आमचें उत्तर असें कीं, होय, एवढ्यासाठींच. ज्यास आपण 'निसर्गसौंदर्य' या एका ढोबळ शब्दांत गुंडाळून ठेवतों, त्यांतील एका जिवाचें खरें नांव शोधण्यासाठीं दोन महिने चालणारा माणूस त्या जिवाचा जो आदर करितो, तो शंभर विशेषणांनीं होत नाहीं. शिवाय हिमबिबट्या त्या मुलखांत जगतो तो मुख्यतः भरलावर. भरल असेल तर हिमबिबट्या. भरल गेला कीं तोही गेला. मॅथिसननें आपल्या ग्रंथाला न दिसलेल्या प्राण्याचें नांव दिलें. त्या प्राण्याचें अस्तित्व ज्या दिसणाऱ्या प्राण्यावर अवलंबून आहे, त्याला शॅलरनें आपले दिवस दिले.

आतां मुख्य प्रश्न. मॅथिसनला हिमबिबट्या दिसला नाहीं. ताजे ठसे दिसले, जनावर जवळच कोठें तरी बसून आपणांस पाहत आहे असें वाटलें, पण तें स्वतः दिसलें नाहीं. या न दिसण्याचा त्यानें केलेला स्वीकार हा पुस्तकाचा परमोच्च बिंदु मानला जातो. दर्शन झालें नाहीं, आणि तेंही किती छान, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. मौज अशी कीं, कांहीं गोष्टी आपणांस न दिसलेल्याच बऱ्या, हा विचार त्या पुस्तकांत शॅलरच्या तोंडींही आलेला आहे. व्यक्तीच्या आयुष्यांत हा स्वीकार थोर आहे यांत शंका नाहीं. ज्याची पत्नी कायमची दृष्टीआड झाली आहे, त्यानें न दिसणाऱ्याशीं समेट करावा, यांत करुण असें सौंदर्य आहे. पहिल्या वाचनाच्या वेळीं आम्हांस तें कळलें नव्हतें, आज कळतें.

परंतु तो स्वीकार वाचकांपर्यंत पोहोंचला म्हणजे त्याचें काय होतें? प्राणी प्रतीक बनतो. आणि प्रतीकाला खाद्य लागत नाहीं, कुरण लागत नाहीं, सावज लागत नाहीं. उद्यां डोल्पोंतील शेवटचा हिमबिबट्या मेला तरी मॅथिसनचें प्रतीक जसेंच्या तसें उभें राहील. किंबहुना दर्शन अशक्य झाल्यामुळें तें अधिकच उदात्त वाटूं लागेल. आमचा खरा आक्षेप हा आहे. जें वाङ्मय प्राण्याच्या अभावानें तृप्त होतें, त्यास त्याचा नाश झाला हें कळण्याचें साधन उरत नाहीं. शॅलरच्या ग्रंथाच्या नांवांतच ही भीति भरलेली आहे. जनावरें गेलीं तर हे पर्वत म्हणजे नुसते मुके दगड, असा त्या नांवाचा रोख आहे. मॅथिसनला मौनांत शांति ऐकूं आली. शॅलरला त्याच मौनांत धोक्याची सूचना ऐकूं आली. दोघांचेही कान खरे होते. पण पर्वताच्या वतीनें बोलावयाचें तर शॅलरचें म्हणणें आधीं ऐकलें पाहिजे.

तेथील माणसांच्या बाबतींतही हा भेद दिसतो, मात्र येथें पारडें मॅथिसनकडे झुकतें. शे येथील भरल माणसाला फारसे बुजत नव्हते, याचें कारण त्या विहाराच्या लामानें आसपास शिकार करण्यास मनाई केलेली होती. हा लामा म्हणजे संधिवातानें पाय जखडलेला, डोंगरावरच्या आश्रमांत राहणारा एक साधु. प्रथम भेट झाली तेव्हां तो कातडें कमावीत बसला होता आणि हाच लामा हें पाहुण्यांच्या ध्यानांतही आलें नाहीं. येथून कधीं उतरतां येणार नाहीं, याबद्दल त्यास विचारलें असतां तो मोठ्यानें हसतो आणि दुसरा मार्गच नसल्यामुळें आपण सुखी आहों असें सांगतो. हें चित्र अविस्मरणीय आहे, कारण त्यांत मॅथिसननें स्वतःचें कांहीं मिसळलेलें नाहीं. तसाच तुक्तेन नांवाचा शेर्पा. दारू पिणारा, इतरांना नकोसा, पण संकटांत सर्वांआधीं हात देणारा हा माणूस लेखकाला गुरूसारखा वाटूं लागतो. आणि शेवटीं ठरल्या जागीं लेखक त्याची वाट पाहतो तर तो येतच नाहीं. पुस्तक तेथें संपतें. बिबट्याप्रमाणें तुक्तेनही हातीं लागत नाहीं. परंतु तो आधीं हाडामांसाचा दिसलेला असल्यामुळें त्याचें न येणें खरोखर चटका लावतें. बिबट्याच्या बाबतींत जें साधलें नाहीं तें तुक्तेनच्या बाबतींत साधलें, तें यामुळें.

आतां आपल्या घराकडे पाहूं. हिमालयाचें वर्णन आमच्या परंपरेला नवें नाहीं. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत कालिदासानें त्या पर्वताला देवतात्मा मानलें. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. शेपटीच्या चवऱ्या ढाळणाऱ्या चमरी गाई त्यांत आहेत, हत्तींनीं अंग घासल्यामुळें दरवळणारे सरल वृक्ष आहेत. आणि सिंहाच्या पायांचें रक्त वितळत्या बर्फानें धुवून गेलें असतांही, त्याच्या नखांतून गळलेल्या मोत्यांवरून माग काढणारे किरात आहेत. मोत्यांची कल्पना कविसंकेताची आहे हें उघड आहे. परंतु न दिसणाऱ्या श्वापदाचा माग त्याच्या खुणांवरून काढावयाचा असतो, आणि ती विद्या तेथें राहणाऱ्या माणसालाच असते, हें त्या कवीला ठाऊक होतें. त्याचा पर्वत देवही आहे आणि रानही आहे.

पुढें आमच्या वाङ्मयांत देव राहिला आणि रान हरवलें. केदार-बदरीच्या यात्रांचीं वर्णनें मराठींत थोडीं नाहींत. त्यांत धर्मशाळा आहेत, थंडी आहे, भक्तीचा गहिंवर आहे. पण वाटेंत कोणतें जनावर दिसलें हें सांगणारें पान शोधावें लागतें. दूर कशाला, भीमाशंकरास जाणारा यात्रेकरू ज्योतिर्लिंगाचें दर्शन घेऊन परततो. डोक्यावरच्या फांदींतून शेकरू उडी घेत असतें, तें त्याच्या वर्णनांत येत नाहीं. व्यंकटेश माडगूळकर यांनीं 'सत्तांतर' या १९८२ सालच्या कादंबरींत वानरांच्या टोळ्यांना कथेचे नायक केलें, आणि मारुती चितमपल्ली यांनीं रानाची भाषा मराठींत आणण्यांत आयुष्य वेंचलें, म्हणून या बाबतींत आम्ही अगदींच दरिद्री नाहीं. पण पर्वत दिसला कीं लगेच अध्यात्माकडे धांव घेण्याची आमची संवय जुनी आहे. मॅथिसनचा दोष आम्हांस इतक्या लौकर दिसला, याचें कारण तो आमचाच दोष आहे.

या पुस्तकांनंतर पुष्कळ पाणी वाहून गेलें आहे. १९८४ सालीं त्या प्रदेशांत शे-फोक्सुंडो राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. त्याचें क्षेत्र ३,५५५ चौरस किलोमीटर असून तें नेपाळांतील सर्वांत मोठें राष्ट्रीय उद्यान आहे. आतां कड्यांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवितात आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक हिमबिबट्या ओळखतात. २०१९ ते २०२३ या काळांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष भारत सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांनुसार आपल्या देशांत ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज असून त्यांपैकीं ४७७ एकट्या लडाखांत आहेत. नेपाळनें २०२५ सालीं आपला आंकडा ३९७ असा सांगितला. मॅथिसन ज्याच्या ठशांपाशीं थबकला, त्याच्या वंशजांची आज अशी मोजणी होते.

मग त्याचें पुस्तक जुनें झालें काय? न दिसण्याच्या गूढावर उभारलेला त्याचा भाग थोडा फिका पडला आहे खरा. पण बर्फांतील ठसा, उतारावरची खरवड, हसणारा लामा आणि न आलेला तुक्तेन हीं अजून ताजीं आहेत. कारण तीं पाहिलेलीं आहेत. शॅलरचें पुस्तक तर या आंकड्यांची पहिली बेरीज आहे. वाचकानें दोन्हीं पुस्तकें वाचावीं, आणि शक्य तर शॅलरचें आधीं वाचावें. भरल कसा चरतो हें कळल्यावर जो माणूस मॅथिसनबरोबर त्या वाटेला लागेल, त्यालाही हिमबिबट्या दिसणार नाहीं. पण आपणांस कोण दिसलें नाहीं, हें त्याला नीट ठाऊक असेल.